उधारीची वही आणि न परतलेले रुग्ण: तालुक्याच्या गावातील एका दवाखान्याचा प्रकरण अभ्यास

बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, एका तालुक्याच्या गावी, एक एमबीबीएस डॉक्टर बरीच वर्षे स्वतःचा दवाखाना चालवीत आहेत. रुग्ण दाखल करून घेण्याची सोय तेथे नाही. तपासणी, इंजेक्शन, ड्रेसिंग आणि ईसीजीचे एक मशीन एवढाच पसारा आहे. हाताखाली एक कंपाउंडर, एक सिस्टर आणि झाडलोटीला एक मावशी आहेत. कंपाउंडर वयाने डॉक्टरांपेक्षा बरेच मोठे असल्याने रुग्णांप्रमाणे डॉक्टरही त्यांना काका म्हणतात. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्या-तांड्यांवरची माणसे येतात आणि पडवीतील बाकडी सकाळीच भरून जातात. गावाचे नाव आणि कोणाचीही ओळख पटेल असा तपशील येथे मुद्दाम दिलेला नाही.

नव्याने दवाखाना टाकणाऱ्या डॉक्टरांना हिशेब शिकवायचा झाला की तो उपचारांपासून वेगळा काढून शिकवला जातो; जणू पैसा बाहेरच्या टेबलावर राहतो आणि आजार आतल्या खोलीत. या दवाखान्यात उधारीचा प्रश्न पैशाचा म्हणून समोर आला आणि उपचाराचा म्हणून उलगडला. प्रकरण लिहून काढावेसे वाटले ते याच कारणाने.

पैशाचा हंगाम

या भागातील पैशाला ऋतू आहे. जून-जुलैत बियाणे आणि खत यांत हातचा पैसा जातो, त्याच सुमारास शाळांची वह्या-पुस्तके येतात, आणि पाऊस लागला की ताप, जुलाब, डेंगी यांची गर्दी सुरू होते. म्हणजे दवाखान्यात सर्वांत जास्त रुग्ण असतात तेव्हा त्यांच्या खिशात सर्वांत कमी पैसा असतो. सोयाबीन सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत निघते, कापसाची वेचणी त्यानंतर सुरू होते, तूर डिसेंबर-जानेवारीत येते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे गणित आणखी निराळे असते. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघायचे आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परतायचे. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, आणि कामावर न गेलेला दिवस खाडा म्हणून उचलीच्या हिशेबात जातो. या कुटुंबांसाठी दवाखाना वर्षातले काही महिनेच हाताशी असतो.

दवाखान्याचा खर्च मात्र बाराही महिने सारखाच येतो. जागेचे भाडे, तिघांचे पगार, वीज, इन्व्हर्टर, जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या सामायिक केंद्राची वर्गणी, ईसीजी मशीनच्या कर्जाचा हप्ता यांपैकी काहीही सोयाबीनची वाट पाहत थांबत नाही. ही तफावत भरून काढण्याचे डॉक्टरांकडे एकच साधन होते, ते म्हणजे घरखर्चाचे पैसे. दवाखान्याचे आणि घराचे बँक खाते एकच असल्याने कोणत्या महिन्यात दवाखान्याने घराला पोसले आणि कोणत्या महिन्यात घराने दवाखान्याला, हे सांगता येत नव्हते. अशी स्थिती फार दवाखान्यांत आहे, आणि डॉक्टर तिला साधेपणा समजतात हे त्याहून वाईट आहे.

प्रश्न कसा समोर आला

एका उन्हाळ्यात कर्जाचे दोन हप्ते लागोपाठ थकले. कर सल्लागारांनी वर्षाचा हिशेब मांडून दाखविला आणि उधारी ताबडतोब बंद करावी, टेबलावर तसा फलक लावावा, असा सल्ला दिला. काकांचा या फलकाला ठाम विरोध होता. “मॅडम, फलक वाचून देणारा देतच असतो, ज्याच्याकडे नाही तो फलक वाचून परत जाईल,” एवढेच ते म्हणाले. डॉक्टरांना ही काकांची सवय वाटली. उधारीची वही त्यांच्या ताब्यात होती, कोणाला किती द्यायचे आणि कोणाचे सोडून द्यायचे हे ते मनाने ठरवीत, आणि फलकामुळे तो अधिकार जाणार होता.

फलक तयार होण्याआधी सप्टेंबरमध्ये एक घटना घडली. पन्नाशीतील एका शेतकऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि नातेवाइकांनी त्यांना अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले. ते याच दवाखान्यातील रक्तदाबाचे जुने रुग्ण होते आणि जूनपासून आलेले नव्हते. पुढे कागदपत्रे दाखवायला त्यांच्या पत्नी आल्या, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या का थांबल्या असे विचारले. त्या म्हणाल्या, “मागचे पैसे राहिले होते, मॅडम. काका कधी बोलले नाहीत, पण ह्यांनाच लाज वाटायची. सोयाबीन इकलं की जाऊ म्हणायचे.” वहीत त्यांच्या नावापुढे बाकी होती ३४० रुपये.

झटका गोळ्या थांबल्यामुळेच आला असे एका रुग्णावरून सिद्ध करता येत नाही, आणि डॉक्टरांनीही तसा दावा कधी केलेला नाही. परंतु रक्तदाब १४०/९० च्या वर दीर्घकाळ राहिला की पक्षाघाताचा धोका वाढतो आणि नियमित औषधाने तो कमी होतो, हे वैद्यकशास्त्रात निर्विवाद आहे. शिवाय हा आजार बहुधा काहीच दुखवत नाही. ताप असलेला माणूस उधारी असली तरी येतो, कारण ताप त्याला बसू देत नाही. रक्तदाबाच्या रुग्णाला दवाखान्यात ओढून आणणारे काहीच नसते, आणि त्याला अडवायला ३४० रुपयांचा संकोच पुरतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३५.५ टक्के आणि मधुमेहाचे ११.४ टक्के आढळले होते. एवढा मोठा वर्ग ज्या आजारांसाठी आयुष्यभर दवाखान्याशी जोडलेला राहायला हवा, त्यात येण्याजाण्याच्या वाटेवरील प्रत्येक अडथळा हा उपचाराचाच भाग समजावा लागतो.

दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा

डॉक्टरांनी फलक थांबविला आणि काका व सिस्टर यांना घेऊन रविवारी दुपारी उधारीची वही आणि जुनाट आजारांच्या रुग्णांची कार्डे समोरासमोर मांडली. तोवर ही दोन्ही साधने एकमेकांना कधी भेटलीच नव्हती. वही काकांच्या टेबलावर असे, कार्डे आतल्या खोलीतील पत्र्याच्या पेटीत नावाच्या अक्षरानुसार लावलेली असत. या रचनेतला दोष पाहताक्षणी लक्षात येत नाही. जो रुग्ण येतो त्याचे कार्ड हाती येते. जो येत नाही त्याचे कार्ड पेटीत जिथल्या तिथे राहते आणि तो आलेला नाही हे दवाखान्यात कोणालाही कळत नाही. डॉक्टरांची गर्दीविषयीची समज बाकड्यांवर बसलेल्या माणसांवरून बनते, आणि न आलेला माणूस बाकड्यावर दिसत नाही.

मांडणीतून निघालेले चित्र अपेक्षेच्या उलट होते. मोठी बाकी असलेली बहुतेक नावे बऱ्यापैकी जमीन असलेल्या कुटुंबांची होती. मुलांचे ताप, म्हाताऱ्यांचे सलाईन, एखादी जखम असे साचत गेलेले ते पैसे दिवाळीच्या आसपास येत, आणि तोपर्यंत ती माणसे निःसंकोच येत-जात राहत. त्यांच्या दृष्टीने उधारी हा ओळखीचा आणि पतप्रतिष्ठेचा भाग होता. याउलट, शंभर ते पाचशे रुपयांची बाकी असलेल्या, रक्तदाब वा साखरेच्या रुग्णांची कार्डे त्या तारखेनंतर कोरी होती. वसुलीच्या दृष्टीने पाहिले तर हे क्षुल्लक आकडे होते, म्हणून कोणी मागितलेही नव्हते. कोणी मागितले नाही याचा अर्थ कोणाला ते टोचत नव्हते असा डॉक्टर आणि काका दोघांनीही घेतला होता.

यातील काही रुग्णांची चौकशी सिस्टरांनी केली. कोणी जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तीच गोळी परस्पर आणत होते, कोणी गावातल्याच कोणाकडून रोखीने इंजेक्शन घेत होते, आणि काहींनी “बरं वाटतंय” म्हणून सगळेच सोडले होते. उधारी बंदचा फलक लागला असता तर मोठी बाकी असलेल्यांनी तो मनावर घेतला नसता आणि छोटी बाकी असलेले कायमचे दुरावले असते. काकांच्या एका वाक्यातील शहाणपण येथे कागदावर उतरलेले दिसले. प्रत्येक मुरलेल्या कर्मचाऱ्याची हरकत योग्य असते असे मी म्हणत नाही. पण ती मोडून काढण्याआधी तपासून पाहणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, कारण रुग्ण डॉक्टरांसमोर आजार मांडतात आणि अडचण कंपाउंडरसमोर मांडतात.

काय बदलले

पहिला बदल जवळजवळ फुकटात झाला. कार्डे अक्षरानुसार लावणे बंद करून पेटीत बारा महिन्यांचे बारा कप्पे केले आणि प्रत्येक कार्ड पुढच्या तपासणीच्या महिन्यात ठेवले जाऊ लागले. रुग्ण येऊन गेला की कार्ड पुढच्या कप्प्यात सरकते. महिना संपताना त्या कप्प्यात जी कार्डे उरतात, तीच न आलेल्यांची यादी. त्यासाठी संगणक लागला नाही. महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांत भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरुवातीच्या काळात राबविला गेला, तेव्हा सरकारी केंद्रांतही प्रत्येक रुग्णाचे उपचार कार्ड ठेवणे आणि तारखेला न आलेल्यांना शोधून परत आणणे यांवरच भर होता. खासगी दवाखान्याने हे करू नये असे काही नाही. फक्त ते कोणी करायचे हे ठरलेले नसते. येथे ते काम सिस्टरांकडे सोपविले गेले आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारची दुपार त्यासाठी राखली गेली.

दुसरा बदल टेबलावरचा होता. उधारीची वही आजवर उघडी पडलेली असे, आणि रांगेतील कोणालाही शेजाऱ्याचे नाव आणि बाकी वाचता येई. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे हे वैद्यकीय आचारनियमांतील मूळ कर्तव्य आहे, आणि लहान गावात कोण कशासाठी किती वेळा आला हे कळायला बाकीचा आकडाही पुरतो. वही खणात गेली. तपासणी होण्याआधी मागच्या बाकीचा उल्लेख कोणी करायचा नाही, हा नियम ठरला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार डॉक्टरांनी आपली फी दवाखान्यात फलकावर दर्शवायची असते. ते इतकी वर्षे राहून गेले होते. उधारी बंदच्या फलकाऐवजी फीचा फलक लागला, आणि त्याखाली ‘पैसे नंतर दिले तरी तपासणीची तारीख चुकवू नये’ अशी एक ओळ लिहिली गेली.

सर्वांत अवघड भाग काकांचा होता. वही तपासताना अनेक बाक्या त्यांनी परस्पर खोडल्याचे दिसले. पैसे त्यांनी घेतले नव्हते. विधवा बाई, पोरगा अपघातात गेलेले घर, आग लागलेला गोठा अशी कारणे त्यांच्या डोक्यात होती, पण कागदावर नव्हती. कर सल्लागारांच्या नजरेत हा गैरव्यवहार ठरला असता. डॉक्टरांना माणूस माहीत असल्याने त्यांनी तो शब्द वापरला नाही, आणि डोळेझाकही केली नाही. ही जागा मला या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते. त्यांनी काकांना सूट देण्याचा अधिकार लेखी दिला. एका वेळी १५० रुपयांपर्यंत, म्हणजे एका तपासणीच्या फीइतकी सूट काकांनी द्यावी, समोर कारण लिहावे. त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांना विचारावे. त्याचबरोबर दिवसाची रोकड मोजण्याचे काम सिस्टरांकडे गेले, म्हणजे नोंद एकाच्या हातची आणि मोजणी दुसऱ्याच्या. काका काही दिवस घुश्शात होते. सिस्टर त्यांच्या मुलीच्या वयाच्या, आणि त्या आपले पैसे मोजणार हे त्यांना लागले. डॉक्टरांनी त्यांना घरी बोलावून, चहा देऊन सांगितले की उद्या कोणी बोट दाखवले तर ही मोजणीच तुमच्या बाजूने बोलेल. कारण लिहिण्याची सवय लागायला वेळ गेला. पण ती लागल्यावर दवाखाना वर्षाला किती सूट देतो, कोणाला देतो आणि ती झेपते का, हे प्रथमच कळू लागले.

येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. आयकर नियमावली १९६२ मधील ‘३सी’ या नमुन्यात डॉक्टरांनी रोजची रुग्णनोंद ठेवायची असे आणि तिच्यात तारीख, रुग्णाचे नाव, दिलेली सेवा, मिळालेली फी आणि ती मिळाल्याची तारीख असे रकाने असत. म्हणजे सेवा आणि पैसा शेजारी मांडणारा तक्ता कायद्यानेच हाती दिला होता. या दवाखान्यात तो वर्षअखेरीस बसून भरला जाई. तो रोज भरला असता तर छोटी बाकी आणि कोरे कार्ड यांचा संबंध कदाचित आधीच दिसला असता.

तिसरा बदल फीच्या पद्धतीत झाला, आणि त्याची कल्पना काकांचीच. गावगाड्यात सुतार-लोहारांना कामाच्या प्रत्येक खेपेला पैसे न देता खळ्यावर वर्षाचे बलुते देत, तसे जुनाट आजाराच्या रुग्णांनी सुगीत एकदाच द्यावे, असे त्यांनी सुचविले. बलुत्यातील उच्चनीचता आणि सक्ती यांचे ओझे डॉक्टरांना माहीत होते; त्यांनी त्यातील फक्त हंगामाचे तत्त्व घेतले. वर्षातील चार तपासण्यांची मिळून ५०० रुपये फी, ऑक्टोबर ते जानेवारी यांदरम्यान केव्हाही, पावतीसह; आणि मधल्या काळात सिस्टरांकडून रक्तदाब मोजून घेणे विनामूल्य. ज्याला नको त्याने नेहमीप्रमाणे दर खेपेला द्यावेत. वर्षाची फी भरलेला माणूस येताना देणेकरी म्हणून येत नाही, आणि माझ्या मते या योजनेचे सारे बळ तिथेच आहे.

खर्चाच्या बाजूने दवाखान्याचे खाते वेगळे झाले आणि सुगीत जमलेल्या पैशातून तीन महिन्यांचा स्थिर खर्च पावसाळ्यासाठी बाजूला काढला जाऊ लागला. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. हे सर्वांना ठाऊक असते आणि करणारे थोडे असतात.

जे जमले आणि जे जमले नाही

पहिल्या वर्षात उधारीची एकूण रक्कम फारशी घटली नाही, आणि ज्यांना वसुली हाच निकष वाटतो त्यांना हा प्रयोग फसलेला वाटेल. पण महिनाअखेर कप्प्यात उरणारी कार्डे कमी होत गेली, आणि उरलेल्या प्रत्येक कार्डामागे काय घडले हे कोणाला तरी माहीत असू लागले. वर्षाची फी जमीन असलेल्या आणि पगारदार कुटुंबांत रुजली. भूमिहीनांमध्ये ती रुजली नाही, कारण त्यांच्याकडे सुगी येतच नाही. आणि उचलीचा पैसा हातात पडण्याआधीच जुन्या देण्यात गेलेला असतो.

या रुग्णांसाठी डॉक्टरांनी जो निर्णय घेतला त्यावर त्यांच्याच व्यवसायबंधूंनी टीका केली. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत आणि रक्तदाब-मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळू शकतात. डॉक्टरांनी अशा रुग्णांना चिठ्ठी देऊन तेथे पाठवायला सुरुवात केली, गोळ्या तेथून घ्या आणि रक्तदाब येथे दाखवत राहा असे सांगून. केंद्रात साठा नसेल त्या महिन्यात जनऔषधी दुकानातील तीच गोळी लिहून देण्यात येते. आपला रुग्ण आपणच घालवतो का, असा आक्षेप आला. मला तो टिकणारा वाटत नाही. तो रुग्ण लाजेपोटी आधीच गेलेला होता. चिठ्ठीमुळे तो निदान कोठे तरी उपचारात राहिला, आणि ताप-खोकल्याला याच दवाखान्यात येऊ लागला.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी सप्टेंबर आणि ऑक्टोबर या महिन्यांत ‘जाण्याआधीची तपासणी’ ठेवली आहे. रक्तदाब आणि साखर पाहून, शक्य त्या रुग्णाला दिवसातून एकदाच घ्यायची गोळी, ती पुरेल तितक्या दिवसांची चिठ्ठी, आणि जेथे जातील तेथील सरकारी केंद्रात दाखवता येईल असे मराठीतील कार्ड दिले जाते. कर्नाटकात जाणाऱ्यांच्या कार्डावर औषधाचे मूळ नाव इंग्रजीतही लिहिले जाते. गेलेल्यांशी पुढे संपर्क कसा ठेवायचा, हा भाग मात्र अडलेला आहे. फोनचे नंबर बदलतात, आणि बायकांचा नंबर म्हणून दिलेला फोन बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो. टोळीच्या मुकादमांचे नंबर घ्यावेत आणि त्यांच्यामार्फत निरोप द्यावा, असे सिस्टरांनी सुचविले होते. एका बाईने ते ऐकताच हात जोडून नको म्हटले, कारण आजार असल्याचे मुकादमाला कळले तर पुढच्या वर्षी त्यांच्या कोयत्याला उचल कमी मिळेल. डॉक्टरांनी ती सूचना त्याच दिवशी मागे घेतली आणि कार्डावरील आजाराचे नाव लिहिण्याचा रकाना घडी घातल्यावर आत जाईल असा हलवला. गेलेल्यांची कार्डे एप्रिलच्या कप्प्यात ठेवली जातात, आणि ऑक्टोबर ते एप्रिल या काळात त्यांच्या गोळ्या चालू आहेत की नाहीत हे जाणून घेण्याचा मार्ग दवाखान्याला अद्याप सापडलेला नाही.